दोन जीबीचा सरकारी फोन आणि नऊ हजारांचा घरचा फोन: एका अंगणवाडी सेविकेचं प्रकरण

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयांत टेबलांवर फोनांचे ढीग लागले. फोन तापतो, हँग होतो, जागा पुरत नाही, दुरुस्ती पदरच्या पैशाने करावी लागते आणि वर नवं ॲप इंग्रजीत, अशी कारणं जिल्ह्याजिल्ह्यांतून सांगितली जात होती.

पाटण तालुक्यात माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. त्या फोनांपैकी बरेच माझ्या टेबलावर उघडले गेलेत. त्यांतल्या एकाच फोनाबद्दल इथे लिहितोय. तो ज्या ताईंचा होता त्यांनी त्यानंतर स्वतःच्या पैशाने, माझ्याच दुकानातून, दुसरा स्वस्त फोन घेतला आणि तो आजही चालतोय. दोन्ही फोन स्वस्तातलेच, बाई तीच, गाव तेच, काम तेच. पहिला दोन वर्षांत टेकीला आला, दुसरा का टिकला, हा या प्रकरणाचा विषय.

एक आधीच सांगतो. सरकारने भंगार वाटलं, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या दिवशी तो फोन हातात आला त्या दिवशी तो ठीक होता. फोन लागायचा, आवाज स्वच्छ होता, बॅटरी दिवसभर पुरायची. खरेदी करणाऱ्यांनी त्या दिवसापुरतंच पाहिलं, आणि घरात फोन घेताना आपणही बहुतेक वेळा तेच करतो.

फोन आला तेव्हाचं काम

पोषण अभियान सुरू झालं ८ मार्च २०१८ला, राजस्थानातल्या झुंझुनूमधून. सेविकांनी वर्षानुवर्षं रजिस्टरांत भरलेली माहिती मोबाईलवर आणायची, हा त्यातला एक भाग. महाराष्ट्रात २०१९मध्ये लाखावर फोन वाटले गेले. रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवायची तात्पुरती जागा, २ जीबी. ताईंच्या फोनाची साठवण १६ जीबी होती. त्या वेळचं ॲप मराठीत चालायचं, ताईंचा त्यावर हात बसला होता.

१ मार्च २०२१ला पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. लाभार्थ्यांची नोंदणी, रोजची हजेरी, मुलांची वजन-उंची, घरपोच आहार, गृहभेटी, सगळं त्यात. सुरुवातीला ते इंग्रजीत होतं, म्हणजे बाळाचं आणि आईचं नावही इंग्रजी स्पेलिंग जुळवत टाकायचं. त्याच वर्षी उन्हाळ्यापर्यंत फोनांची वॉरंटीही संपली.

फोन तोच राहिला, काम मात्र बदललं. खरेदीच्या कागदावर हे कुठेच नव्हतं.

टेबलावर काय दिसलं

ताई फोन घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, फॉरमॅट मारून द्या. सगळ्यांचे फोन फॉरमॅट मारले की महिनाभर बरे चालतात." हे त्यांचं निरीक्षण अगदी अचूक होतं, कारण दोषाची जागाच त्यात कळते. फॉरमॅट मारल्यावर बरा चालणाऱ्या फोनाचं हार्डवेअर सहसा मेलेलं नसतं, तो तुंबलेला असतो.

स्टोरेज उघडून पाहिलं. १६ जीबीतला मोठा तुकडा अँड्रॉईड आणि न काढता येणारी ॲप्स खाऊन बसली होती. एकट्या व्हॉट्सॲपने साडेतीन जीबीच्या आसपास जागा घेतली होती. पर्यवेक्षिकांचा ग्रुप, प्रकल्पाचा ग्रुप, संघटनेचा ग्रुप, गावाचा ग्रुप, आणि प्रत्येकात आहार वाटपाचे, वजन घेतल्याचे, रांगोळीचे फोटो. सप्टेंबरातला पोषण माह झाला की फोटोंचा पूरच. फोटो पाठवला हाच कामाचा पुरावा, त्यामुळे तो पुसायलाही ताई घाबरायच्या. मोकळी राहिली होती जेमतेम काहीशे एमबी.

स्वस्त फोनात साठवणीची चीप साधी, हळू जातीची असते. नवं काही लिहायचं तर तिला आधी मोकळे कप्पे हवेत. कप्पे भरले की ती जुनं इकडचं तिकडे सरकवत बसते आणि तेवढा वेळ पडदा थिजलेला राहतो. लोक याला ‘हँग’ म्हणतात आणि दोष रॅमला देतात. निम्म्या वेळा गुन्हेगार ही भरलेली साठवण असते.

रॅमचा गुन्हा वेगळा होता, आणि तो मी समोर बसून पाहिला. ताईंनी एका गरोदर बाईची नोंद भरायला घेतली. नाव, नवऱ्याचं नाव, पाळीची तारीख, वजन. अर्धा फॉर्म झाला आणि पर्यवेक्षिकाबाईंचा फोन आला. दोन मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवून ताई परत ॲपवर गेल्या तर ॲप पहिल्यापासून सुरू झालं, पांढऱ्या पडद्यावर गोल फिरायला लागलं. भरलेलं सगळं गेलं होतं. ताईंच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. त्यांनी निमूटपणे पुन्हा नावापासून सुरुवात केली.

यात नेमकं काय झालं ते सांगतो. मागे पडलेल्या ॲपला अँड्रॉईड शक्यतो रॅममध्ये जागं ठेवतं. जागा कमी पडली की मागचं ॲप बंद करून पुढच्याला जागा देतं. २ जीबीत सिस्टीमचा वाटा जाऊन उरतं ते इतकं थोडं की कॉल, व्हॉट्सॲप आणि एक जड ॲप एकत्र नांदत नाहीत. ॲपने अर्धवट भरलेलं जपून ठेवायला हवं होतं, हेही खरं. पण ॲप बनवणाऱ्याच्या टेबलावरचा फोन बहुधा २ जीबीचा नसतो.

तापण्याचं गणित सोपं आहे. डोंगराकडच्या गावात रेंज एक काडी. टॉवर लांब असला की फोनाला जास्त जोर लावून बोलावं लागतं. त्यात माहिती अपलोड होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा प्रयत्न, दमलेली चीप सतत पूर्ण वेगात, आणि बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावूनच काम. एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसून हे केलं तर महागडा फोनही हात भाजेल.

आणि शेवटी दुरुस्ती. राज्यात लाखाच्या संख्येने वाटलेला फोन, पण आमच्या बाजारात कोणी विकत घेतलेला नाही. त्यामुळे त्याचा डिस्प्ले कराडला मिळेना, मागवला तर कधी येईल त्याचा भरवसा नाही. डिस्प्ले गेला की तीन हजारांच्या पुढे खर्च सांगितला जायचा. तेव्हा सेविकांचं मानधन आठ-साडेआठ हजार. पगाराचा तिसरा हिस्सा सरकारच्या फोनाच्या काचेत घालायचा, हे कोणाला पटेल? ताईंनीही ऑगस्टमध्ये फोन जमा करून टाकला. सरकारी फोनांचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. इथून ताईंच्या स्वतःच्या फोनाकडे वळतो.

दिवाळी २०२१: स्वतःचे पैसे

ताईंच्या पिशवीत नऊ हजार होते, म्हणजे एका महिन्याच्या मानधनाहून जास्त. "काही वर-खाली झालं तर पाचशे देईन, पण तीन-चार वर्षं बघायला लागू नये," एवढीच अट.

नेमका त्याच दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, जिओफोन नेक्स्ट बाजारात आला होता. किंमत ६,४९९, हप्त्यावर घेतला तर सुरुवातीला १,९९९ भरून नेता येत होता. क्वालकॉमची साधी चीप, साडेपाच इंची म्हणता येईल असा पडदा, ३,५०० एमएएचची बॅटरी, पडद्यावरचा मजकूर आपल्या भाषेत वाचून दाखवायची सोय. ताईंच्या मुलाने तोच धरला होता. अडीच हजार वाचतात, मग काय हरकत?

त्या फोनाला मी वाईट म्हणणार नाही. बटणाच्या फोनावरून पहिल्यांदाच टचवर येणाऱ्या माणसाला, ज्याला फोन, व्हॉट्सॲप आणि थोडे व्हिडिओ एवढंच हवंय, त्याला तो चालण्यासारखा होता. वाचून दाखवण्याची सोय तर अशा माणसासाठी मोलाची. पण रॅम २ जीबी, साठवण ३२. ताई ज्या खड्ड्यातून नुकत्याच वर आल्या होत्या, त्यातच पुन्हा उतरायचं, फक्त काठ जरा रुंद. "अहो, याच्यावर पण फोन आला की फॉर्म जाईल," एवढं सांगितल्यावर ताईंनीच मुलाला गप्प केलं.

मग ३ जीबी-३२ जीबीचा एक आणि ४ जीबी-६४ जीबीचा एक, असे दोन समोर ठेवले. फरक बाराशे-तेराशेचा. नव्या, रिकाम्या फोनावर दोन्ही सारखेच पळत होते. काउंटरवरचा कुठलाही डेमो पीस पळतोच, म्हणून मी रिकाम्या फोनावर काही ठरवत नाही. दुसऱ्या मॉडेलचा फोन माझ्या दुकानातला पोरगा वर्षभर वापरत होता आणि त्याने तो गाण्या-व्हिडिओंनी गच्च भरलेला होता. पहिल्या मॉडेलचा एक वापरलेला फोन एका गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला आलेला. त्याच्या संमतीने दोन्हींवर तीच कामं करून पाहिली: फॉर्म अर्धा भरायचा, फोन घ्यायचा, ओटीपीचा मेसेज उघडायचा, व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवायचा आणि परत फॉर्मवर यायचं. ३ जीबीच्या फोनावर कधी फॉर्म राहिला, कधी गेला. ४ जीबीच्या फोनावर राहिला. कधी राहतो कधी जातो हे तर जास्त वाईट, कारण माणूस गाफील राहतो.

कॅमेरा तपासताना मुलाने सवयीने सेल्फी काढली. मी त्याला आधार कार्ड आणि वहीचं पान ट्यूबलाईटखाली ठेवून फोटो काढायला लावला. मागे तीन भोकं होती, त्यातलं कामाचं एकच. बाकीची दोन दोन मेगापिक्सेलची शोभेची, स्वस्त फोनात हा प्रकार सर्रास चालतो. आधारचा नंबर मोठा करून वाचता येतो का, एवढाच प्रश्न. येत होता, हात स्थिर धरला तर.

त्या सुमारास कंपन्यांनी ‘वाढीव रॅम’ नावाचं एक प्रकरण काढलं होतं. खोक्यावर ४ अधिक १, ४ अधिक २ असं छापलेलं. हे अधिकचं रॅम म्हणजे साठवणीतलाच एक कोपरा. हळू चीपचा कोपरा रॅम म्हणून वापरला तर वेग हळूच राहतो, शिवाय साठवण तेवढी कमी होते. खोक्यावर अधिकच्या चिन्हाआधी जो आकडा आहे तोच खरा, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. त्यामुळे काही कंपन्यांचे सेल्समन माझ्यावर नाराज असतात.

ताईंनी ४-६४चा घेतला, नऊ हजारांच्या थोडं वर. उणिवा मी बिलाआधीच सांगितल्या. पडदा साधा एचडी, चार्जिंग १० वॉटचं, म्हणजे ५,००० एमएएचची बॅटरी भरायला तीन तास, पिन जुनी मायक्रो यूएसबी जातीची, नवी टाइप सी नाही. सुरक्षेचे अपडेट दोन वर्षांहून जास्त मिळतील अशी आशा नको. यातलं ताईंना एकच खटकलं, चार्जिंग. गावात पावसाळ्यात लाईट तासातासाला जाते. पण मोठी बॅटरी रात्रभर लावली की दिवस निघतो, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. आणि हे मॉडेल गल्लीगल्लीत विकलं गेलेलं असल्याने त्याचा डिस्प्ले माझ्याकडे तेव्हाही दीड हजारात बसत होता, आजही बसतो. मला विचाराल तर रॅमच्या खालोखाल या गोष्टीने निकाल लावला.

जुलै २०२४: खरी परीक्षा

घेताना कोणालाच माहीत नव्हतं की या फोनावर काय येणार आहे. २८ जून २०२४ला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला आणि अर्ज भरायचं काम अंगणवाडी सेविकांकडेही आलं, नारीशक्ती दूत ॲपवरून. एका अर्जाला ५० रुपये प्रोत्साहन भत्ता. सुरुवातीची मुदत १५ जुलै, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली.

एका अर्जात आधार, रहिवासाचा पुरावा, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, हमीपत्र आणि त्या बाईचा समोर बसवून काढलेला फोटो. म्हणजे दर अर्जाला कॅमेरा पुन्हा पुन्हा उघडायचा आणि परत फॉर्मवर यायचं. २ जीबीच्या फोनाचं जे दुखणं होतं, नेमकं तेच या कामात दिवसभर. त्यात पाटणचा जुलै. बाहेर धो धो, शाळेच्या व्हरांड्यात बायकांची रांग, सर्व्हर दिवसा दमलेला, म्हणून ताई रात्री अकरानंतर अर्ज चढवायच्या.

फोन टिकला. फॉर्म जातोय अशी तक्रार ताईंनी एकदाही केली नाही. तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. ओल्या बोटांना पडदा दाद देईना, तेव्हा त्यांनी पदराला बोट पुसायची सवय लावून घेतली. गॅलरीत लोकांच्या आधार-पासबुकांचे शेकडो फोटो साठले. ६४ जीबी असल्याने जागेची अडचण नव्हती, पण ते मी त्यांना आवर्जून पुसायला लावले. लोकांची अशी कागदपत्रं फोनात घेऊन बाजारात फिरणं बरं नव्हे. दोन वर्षं होऊन गेली होती, सुरक्षेचे अपडेट थांबले होते, त्यामुळे ही काळजी जास्तच. अनोळखी लिंक आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल, म्हणजे बाहेरून ॲप बसवणारी फाईल, उघडायची नाही, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं.

बॅटरी मात्र त्या दोन महिन्यांत खचली. सप्टेंबरात त्या आल्या तेव्हा पाठ किंचित वर आली होती. मूळ ब्रँडची नव्हे, पण बऱ्यापैकी बॅटरी आठशेत बसवली. चार वर्षं फोन वापरायचा असेल तर मध्ये एक बॅटरी धरूनच चालावं. घेताना हे आठशे किमतीत मोजले, तरी हिशेब दहा हजारांच्या आसपासच राहतो.

जुलै २०२५: चेहरा

१ जुलै २०२५पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पोषण ट्रॅकरवर पडताळणं सक्तीचं झालं. आता ॲप कॅमेऱ्यातून चेहरा पाहतं, आधीच्या फोटोशी जुळवतं, मधे ओटीपी. एकाच वेळी कॅमेरा, ॲप आणि नेट, तिन्ही पूर्ण ताकदीने. या कामात ताईंचा फोन पहिल्यांदाच धापा टाकताना दिसला. चालतो, पण चेहरा जुळायला वेळ घेतो आणि खोलीत अंधार असला तर नाकारतो. अंधारात अडणं हा बऱ्याच अंशी स्वस्त कॅमेऱ्याचा दोष आहे, त्यावर उपाय म्हणून बायकांना दारात, उजेडाकडे तोंड करून उभं केलं जातं. रेंज नसण्याचा दोष फोनाचा नाही. तिथे पन्नास हजारांचा फोनही तसाच गोल फिरत राहील. हा भेद मी ताईंना दाखवला, माझ्याच फोनावर त्याच जागी नेट लावून. नाहीतर रेंजच्या दुखण्यासाठी माणूस नवा फोन घेतो आणि फसतो.

मुलाचं आता पुन्हा सुरू झालंय: फाईव्ह जी घेऊ या. साडेआठ हजारांत मिळतोच की. त्या किमतीत एक आला होता खरा. नोव्हेंबर २०२४मध्ये रेडमी ए४ ५जी ८,४९९ला आला, ४ जीबी-६४ जीबी, साठवण जुन्या, हळू ईएमएमसी चीपपेक्षा बऱ्याच वेगवान यूएफएस जातीची, चार वर्षं सुरक्षेचे अपडेट. ताईंच्या जुन्या फोनाच्या मानाने हे सगळं वरचढ. पण तो फोन फक्त स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, ५जी पकडतो. जिओचं ५जी तसं आहे, एअरटेलचं ५जी मात्र मुख्यतः ४जीच्या आधाराने चालत आलंय. ताईंचं मुख्य सिम एअरटेलचं. म्हणजे खोक्यावर ५जी आणि हातात ४जी. आणि त्यांच्या गावात तूर्त ४जीच धड लागत नाही. ५जीसाठी म्हणून घ्यायचं काहीच कारण नाही. वेगवान साठवणीसाठी आणि अपडेटसाठी घ्यायचं म्हटलं तर बोलता येईल.

पण रॅम पुन्हा ४ जीबी. २०१९मध्ये २ जीबी जिथे होतं तिथे आज ४ जीबी येऊन बसलंय: आजच्या कामाला पुरेल, उद्याच्या नाही. म्हणून मी ताईंना थांबायला सांगितलंय. पाडव्यापर्यंत हजार-दोन हजार आणखी जमले तर ६ जीबी-१२८ जीबी पाहू, तोही पिन टाइप सी असलेला आणि ज्याचा डिस्प्ले कराडला दुसऱ्या दिवशी मिळतो असाच. तोवर जुन्यातलं व्हॉट्सॲपचं आपोआप डाऊनलोड बंद केलंय, ग्रुपचे जुने फोटो पेन ड्राईव्हवर काढून दिलेत, आणि चार्जिंग पिन सैल झाली होती ती बदललीय. त्याचे दीडशे ताई पुढच्या मानधनावर देणार आहेत.